भेंडी : परसबागेतील पिकाचा इतिहास

भेंडी ही माल्व्हेसी अथवा भेंडी कुलातील वर्षायू ओषधी असून तिचे शास्त्रीय नाव ॲबेल्मोशस एस्क्युलेंटस असे आहे. हिंदीत भिंडी वा रामतरोई, गुजरातीत भींडा, कन्नडमध्ये बेंडेकायी, तेलुगूत बेंडकाय, तमिळमध्ये वेंडैक्काय आणि बंगालीत ढेंडश अशी तिची नावे आहेत. कापूस, अंबाडी व जास्वंद ही तिची कुलबंधू होत. झाड १–२ मी. उंच वाढते. खोड व पाने राठ, केसाळ असून त्यांच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते. फुले पिवळी, तळाशी गडद किरमिजी ठिपका असलेली असतात. ती सकाळी उमलतात व त्याच दिवशी मावळतात. फळ म्हणजे शिरा असलेले लांबट बोंड. ते कोवळे असतानाच भाजीसाठी तोडतात.

आज भेंडी हे मोठे व्यापारी पीक झाले असून जगातील एकूण उत्पादनापैकी निम्म्याहून अधिक उत्पादन एकट्या भारतात होते. तथापि तिच्या इतिहासाचा फार मोठा भाग शेतात नव्हे, तर घरामागच्या परसात, न्हाणीच्या सांडपाण्यावर व घरातील स्त्रियांच्या देखरेखीखाली घडला आहे. जे पीक बाजारात आले नाही व ज्यावर सारा बसला नाही, त्याची नोंद दप्तरात सहसा होत नाही. त्यामुळे गहू, कापूस किंवा नीळ यांच्या इतिहासाला जसा कागदोपत्री आधार मिळतो, तसा भेंडीच्या इतिहासाला मिळत नाही. तिची नावे, तिची गुणसूत्रे आणि तिचे पाककृतींतील स्थान यांवरूनच तो जुळवावा लागतो.

नाव व वर्गीकरण : स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये भेंडीचा समावेश जास्वंदीच्या हिबिस्कस प्रजातीत केला. पुढे १७८७ मध्ये मेडिकस यांनी ॲबेल्मोशस ही स्वतंत्र प्रजाती मांडली व १७९४ मध्ये मंख यांनी भेंडीला त्या प्रजातीतील सध्याचे नाव दिले. या दोन प्रजातींतील भेद परसबागेतही सहज पाहता येतो. जास्वंदीचा संवर्त (फुलाचे सर्वांत बाहेरचे हिरवे मंडल) फूल गळल्यावरही टिकून राहतो, तर भेंडीचा संवर्त एका बाजूने फाटतो आणि पाकळ्यांबरोबरच गळून पडतो. असे असूनही जुन्या पुस्तकांतून हिबिस्कस हेच नाव दीर्घकाळ चालू राहिले.

मराठीत भेंडी हे नाव दोन अगदी भिन्न वनस्पतींना लावतात, याची येथे नोंद घेतली पाहिजे. समुद्रकिनाऱ्यालगत आढळणारा व पिवळ्या फुलांचा भेंड अथवा परसपिंपळ हा वृक्ष (थेस्पेसिया पॉपल्निया) कोकणात भेंडी म्हणूनच ओळखला जातो. तो याच कुलातील असला, तरी त्याची फळे भाजीची नव्हेत. मुंबईच्या भेंडी बाजाराचे नाव या झाडांवरून आले, असे एक मत आहे. भाजीच्या भेंडीशी त्याचा संबंध जोडण्याचे कारण नाही. जुन्या मजकुरात ‘भेंडी’ हा शब्द आढळला, की तो भाजीचाच असे गृहीत धरणे त्यामुळे धोक्याचे ठरते. संस्कृत निघंटूंची अडचणही याच स्वरूपाची आहे. तिंडिश वा डिंडिश हे नाव काहींनी भेंडीचे मानले आहे, तर काहींनी ढेमशाचे. भेंडा, भिंडा ही संस्कृत रूपे देशी भाषांतून उचलली गेली असण्याचा संभव अधिक दिसतो.

मूलस्थानाचा प्रश्न : भेंडी मूळची कोठली, याविषयी तज्ञांत एकमत नाही. आल्फाँस द कांदॉल यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लागवडीतील वनस्पतींच्या उगमावरील ग्रंथात आफ्रिकेच्या बाजूने कौल दिला. वरच्या नाईल खोऱ्यात ती रानटी अवस्थेत मिळाल्याचे दाखले त्यांच्यासमोर होते. रशियन शास्त्रज्ञ व्हाव्हीलॉव्ह यांनीही तिची गणना ॲबिसिनियन (इथिओपियन) केंद्रातील पिकांत केली. परंतु एखादी वनस्पती रानात वाढलेली आढळली म्हणजे ती तेथलीच असते, असे नाही. लागवडीतून निसटलेले बीही रानात रुजते.

या वादाला वेगळे वळण मिळाले ते भारतात झालेल्या संशोधनामुळे. १९५२ मध्ये ॲ. ट्युबरक्युलेटस या भारतातील रानटी जातीचे वर्णन प्रसिद्ध झाले. तिच्या पेशीत ५८ गुणसूत्रे असतात. लागवडीच्या भेंडीत ती बहुधा १३० असतात. १९५६ मध्ये ए. बी. जोशी व एम्. डब्ल्यू. हरदास यांनी असे दाखविले, की भेंडीचा एक गुणसूत्रसंच या रानटी जातीच्या संचाशी जुळतो. म्हणजे भेंडी ही दोन भिन्न जातींच्या संकरातून व त्यानंतर झालेल्या गुणसूत्रांच्या दुपटीतून निर्माण झाली असली पाहिजे. उरलेल्या ७२ गुणसूत्रांचा वाटा ॲ. फिकुल्नियस या रानभेंडीचा असावा, असे नंतर सुचविण्यात आले. ही रानभेंडी भारतात व आफ्रिकेतही आढळते. हे सर्व मान्य केले, तर भेंडीचे निदान एक पितृकुल भारतीय ठरते. प. आफ्रिकेत पिकणारी व दिसायला बरीचशी भेंडीसारखीच असलेली ॲ. कैली ही जाती मात्र निराळी असून तिच्यात १९० हून अधिक गुणसूत्रे असतात. आफ्रिकेतील जुने उल्लेख वाचताना ते यांपैकी कोणत्या जातीचे, हे ठरविणे बहुतेक वेळा अशक्य असते. म्हणूनच प्रस्तुत लेखकाच्या मते ‘मूळची आफ्रिकेतील’ हे पाठ्यपुस्तकांत सर्रास आढळणारे विधान पुराव्यापेक्षा अधिक निश्चयाने केले जाते.

प्रसार : भेंडीचे निःसंदिग्ध असे जुने वर्णन ईजिप्तमधील आहे. सेव्हिल येथील अबुल अब्बास अल्-नबाती या अरब वनस्पतिज्ञाने तेराव्या शतकाच्या आरंभी ईजिप्तला भेट दिली आणि तेथे लोक भेंडी लावतात व कोवळी फळे पिठाबरोबर खातात, असे नमूद केले. अरबीतील बामिया हे तिचे नाव पुढे तुर्की, ग्रीक व बाल्कन भाषांत पसरले. फारो राजांच्या काळातील भेंडीविषयी जी विधाने केली जातात, त्यांना मात्र खात्रीचा आधार नाही.

अटलांटिक महासागरापलीकडे भेंडी गेली ती गुलामांच्या व्यापाराबरोबर. इंग्रजीतील ओकरा हा शब्द नायजेरियातील इग्बो भाषेतून, तर गंबो हा शब्द अंगोलाकडील बांटू भाषांतून आला. ब्राझीलमधील पोर्तुगीज भाषेत तिला कियाबो म्हणतात. १६५८ पर्यंत ती ब्राझीलमध्ये व १६८६ पर्यंत सुरीनाममध्ये पोहोचल्याची नोंद आहे. १७४८ मध्ये ती उत्तरेस फिलाडेल्फियापर्यंत लावली जात होती. टॉमस जेफर्सन यांनी १७८१ च्या सुमारास व्हर्जिनियातील बागांत पिकणाऱ्या भाज्यांत तिचा उल्लेख केला.

या तारखा मळेवाल्यांच्या व प्रवाशांच्या लिखाणातील आहेत. ज्यांनी भेंडी प्रत्यक्ष लावली, त्यांनी काही लिहून ठेवले नाही. लिहिण्याची त्यांना मोकळीकच नव्हती. ऊस व कापसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांना अनेक ठिकाणी झोपडीलगत वा पडीक जमिनीवर स्वतःसाठी थोडे पिकविण्याची मुभा असे. त्यात मालकाची उदारता कमी आणि त्यांना पोसण्याचा खर्च वाचविण्याचा हिशेब अधिक होता. दिवसभराच्या कष्टानंतर, काही ठिकाणी केवळ रविवारी, कसलेल्या या तुकड्यांत भेंडी, चवळी, तीळ ही पिके रुजली. अमेरिकन भूगोलज्ञ जूडिथ कार्नी यांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या बागांचा विस्ताराने मागोवा घेतला आहे. ज्यांच्याकडून नाव, भाषा व कुटुंब हिरावले गेले, त्यांनी या तुकड्यांतून आपले अन्न मात्र जपले, असे त्यावरून दिसते. बार्बेडोसमधील मक्याच्या पिठाची व भेंडीची कूकू, लुइझिॲनातील गंबो हा दाट रस्सा, तसेच ब्राझीलच्या बाईया प्रांतातील कारुरू हे पदार्थ या बागांतूनच निघाले. ब्राझीलमधील आफ्रिकी वंशीयांच्या कांदोंब्ले या धर्मपंथात शांगो या देवतेला भेंडीचाच नैवेद्य दाखवितात. मालकांच्या स्वयंपाकघरात ती आली ती गुलाम स्वयंपाकिणींच्या हातून. १८२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मेरी रँडॉल्फ यांच्या पाकशास्त्रावरील पुस्तकात भेंडीच्या पाककृती आहेत. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा दक्षिणेकडील लोक भेंडीचे वाळलेले बी भाजून, कुटून तिच्याऐवजी वापरीत.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्रात परसबागेची परंपरा जुनी आहे. कोकणात घरामागच्या जागेला परडे म्हणतात. मृग लागला, की पडवळ, दोडकी व काकडी यांच्या वेलांना मांडव घालतात आणि कडेच्या मोकळ्या जागेत भेंडीचे बी टोकतात. देशावर विहिरीच्या थारोळ्यापाशी किंवा पाटाच्या कडेला दहा-वीस झाडे असत. बी घरचेच असे. पहिल्या बहरातील एक-दोन जोमदार झाडांची फळे न तोडता झाडावरच वाळू देत. ती शिरांवर तडकू लागली, की उतरवून राखेत घोळलेले बी मडक्यात किंवा वाळलेल्या भोपळ्यात ठेवीत. सासरी गेलेल्या मुलीच्या पदराला हे बी बांधून दिले जाई आणि शेजारी एकमेकींकडून उसने नेत. या पद्धतीमुळे गावोगाव स्थानिक प्रकार निर्माण झाले. कोठे बुटकी व जाड, कोठे लांब व फिकट, तर कोठे काटेरी लव असलेली भेंडी पसंत केली जाई.

गोव्यातील ‘सात शिरांचो भेनो’ हा अशा निवडीचा उत्तम नमुना होय. बाजारातील सामान्य भेंडीला पाच शिरा असतात. याला सात असतात व फळ लांब, फिकट हिरवे असते. हे पावसाळी पीक आहे. मांडवी नदीच्या पात्रातील जुवें (सांत इस्तेव्ह) हे बेट भाजीसाठी इतके प्रसिद्ध होते, की त्याला शाकेचो जुवो म्हणत आणि तेथील रहिवाशांना भेंडेकार हे टोपणनाव पडले. गावाला भाजीवरून नाव मिळाल्याची उदाहरणे आहेत, पण माणसांना मिळाल्याची थोडी. नोकरीधंद्यासाठी लोक बाहेर पडू लागले तशी तेथील लागवड आटली. अलीकडे या प्रकाराला भौगोलिक मानांकन लाभले आहे.

भेंडीचा आणखी एक उपयोग कोल्हापूरकडील गुऱ्हाळांत होतो. तेथे रानभेंडीची खोडे ठेचून पाण्यात कुस्करतात व निघणारा बुळबुळीत चिकट द्रव काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसात घालतात. रसातील गाळ या द्रवात गुरफटून मळीच्या रूपाने वर येतो व तो झाऱ्याने काढून टाकतात. ज्या बुळबुळीतपणासाठी काहींना भेंडीची भाजी नकोशी वाटते, त्याच्यामुळेच गुळाला रंग येतो.

लागवड : परसबागेतील लागवडीची रीत गेल्या कित्येक पिढ्यांत फारशी बदललेली नाही. भेंडीला ऊब लागते. थंडीत बी रुजत नाही व रुजले तरी रोप खुरटते. त्यामुळे जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत उन्हाळी व जून-जुलैमध्ये पावसाळी असे दोन हंगाम घेतात. पाण्याचा निचरा होणारी, शेणखत भरपूर घातलेली जमीन लागते. बियांचे कवच कठीण असल्याने ते रात्रभर पाण्यात भिजवून दुसऱ्या दिवशी टोकतात. दोन ओळींत ४५–६० सेंमी. व दोन रोपांत सु. ३० सेंमी. अंतर ठेवतात, उन्हाळ्यात झाडे लहान राहत असल्याने ते कमी चालते. एका जागी दोन-तीन बिया घालून पुढे एकच जोमदार रोप राखतात. सोटमूळ खोल जात असल्याने रोप उपटून दुसरीकडे लावणे तिला मानवत नाही. पेरणीनंतर ४५–५० दिवसांत पहिली भेंडी निघते. फूल उमलल्यापासून पाच ते सात दिवसांत फळ तोडणीला येते व दिवसाआड तोडणी करावी लागते. हा दिवसाआडचा नियम नवशिक्या बागवानाकडून हटकून चुकतो. फळ झाडावर जून झाले, की झाडाची शक्ती बी भरण्यात खर्च होते आणि नवी फुले येणे मंदावते. चार जणांच्या कुटुंबाला वीस-पंचवीस झाडे पुरी होतात.

तुडतुडे, मावा आणि शेंडे व फळे पोखरणारी अळी यांचा उपद्रव होतो. ही अळी म्हणजे कापसावरील ठिपक्यांची बोंडअळीच होय. त्यामुळे कापसाच्या प्रदेशात परसातील चार झाडांवरही ती हटकून येते. वाळलेले शेंडे व किडकी फळे वेळीच तोडून नष्ट करणे हा घरगुती बागेतील सर्वांत सोपा उपाय आहे.

पिवळा केवडा : विसाव्या शतकात या शांत इतिहासाला एका रोगाने कलाटणी दिली. पानांच्या शिरा प्रथम पिवळ्या पडतात, मग सबंध पान पिवळे होते व फळे फिकट, आखूड व निबर निघतात. या रोगाला शेतकरी केवडा म्हणतात. मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये जी. एस्. कुलकर्णी यांनी त्याची प्रथम नोंद केली. १९४० मध्ये पुण्यातील बी. एन्. उप्पल, पी. एम्. वर्मा व एस्. पी. कपूर यांनी तो व्हायरसजन्य असल्याचे दाखविले. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो. बियांतून तो जात नाही, असेही कपूर व वर्मा यांना प्रयोगांत आढळले. ही गोष्ट परसबागेच्या दृष्टीने महत्त्वाची होती. कारण झाडे पिवळी पडली, की घरच्या बियाला दोष देऊन ते टाकून देण्याची प्रवृत्ती होती. बियाचा दोष नव्हता. माशी शेजारच्या शेतातून व तणांवरून येत होती, आणि जसजसे भेंडीचे क्षेत्र वाढले, तसतसा रोगाला वर्षभर आसरा मिळत गेला. रोग जितका लवकर येईल तितके नुकसान अधिक होते. १९७४ मधील एका अभ्यासानुसार पेरणीपासून ३५ दिवसांत लागण झाल्यास उत्पन्न सु. ९४ टक्क्यांनी, ५० दिवसांनी झाल्यास सु. ८४ टक्क्यांनी व ६५ दिवसांनी झाल्यास सु. ४९ टक्क्यांनी घटते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग व त्यांचे सहकारी यांनी बंगालकडील एका सहनशील प्रकाराचा ‘पुसा मखमली’शी संकर करून ‘पुसा सावनी’ हा वाण तयार केला. पावसाळ्यात, म्हणजे रोगाच्या ऐन हंगामात, तो तग धरी व त्याच्या नावातही श्रावण आहे. १९६० नंतर तो देशभर पसरला. परंतु वीस वर्षांच्या आतच रोगाला बळी पडू लागला. त्यानंतरचे महत्त्वाचे काम महाराष्ट्रात झाले. परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठात (सध्याचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) एन्. डी. जांभळे व वाय्. एस्. नेरकर यांनी ॲ. मॅनिहॉट या वेगळ्या जातीतील प्रतिकारशक्ती ‘पुसा सावनी’मध्ये आणली. अशा आंतरजातीय संकराची पहिली पिढी अंशतः वांझ निघते. तिचा ‘पुसा सावनी’शी पुनःपुन्हा संकर करून प्रत्येक पिढीत निवड करावी लागली. त्यातून १९८५ च्या सुमारास ‘परभणी क्रांती’ हा वाण प्रसारित झाला. तो सरळ वाण असल्याने त्याचे बी शेतकऱ्याला व बागवानाला घरी धरता येत असे. म्हणूनच तो खेडोपाडी परसांत झपाट्याने पोहोचला. पुढे काही भागांत त्याचीही प्रतिकारशक्ती उणावल्याचे दिसून आले. व्हायरसही बदलत असतो.

१९९० नंतर खाजगी कंपन्यांच्या संकरित बियाण्यांनी बाजार व्यापला. ते जोमदार असते, फळे एकसारखी येतात व रोगही कमी पडतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याच्या फळांतील बी पुढील वर्षी लावल्यास झाडे एकसारखी निघत नाहीत आणि दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. पूर्वी बी राखणारी गृहिणी ही पिकाची निवडकार होती. आता ती गिऱ्हाईक झाली. भारताच्या २००१ च्या वनस्पतीवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने स्वतःच्या पिकाचे बी राखण्याचा, वापरण्याचा व इतरांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे. तथापि राखण्याजोगे बीच घरात उरले नसेल, तर त्या हक्काचा उपयोग थोडाच. गावोगावच्या जुन्या प्रकारांपैकी किती शिल्लक आहेत, हे आज प्रामुख्याने त्या त्या घरांतील वृद्ध स्त्रियांनाच ठाऊक असते.

घरी बी धरणे अवघड नाही. भेंडीचे फूल बहुतांशी स्वपरागित असले, तरी मधमाश्यांमुळे साधारणतः ४ ते १९ टक्के परपरागण होते. म्हणून जवळपास दुसरा प्रकार असल्यास निवडलेल्या झाडावरील कळीला आदल्या संध्याकाळी पातळ कापडाची पिशवी किंवा दोरा बांधतात व फूल मावळल्यावर तो काढून त्या देठाला खुणेची चिंधी बांधतात. झाड निरोगी, लवकर फळणारे व पिवळेपणाचा मागमूस नसलेले असावे. फळ झाडावरच पूर्ण वाळून तडकू लागल्यावर काढतात व बी सावलीत सुकवून कोरड्या, हवाबंद बरणीत ठेवतात. असे बी दोन-तीन वर्षे चांगले उगवते. एका फळात पन्नासच्या आसपास बिया निघतात. पुढील वर्षीच्या परसाला एक फळ पुरते.